आघातातून गेलेल्या मुलाकडून 'तो प्रसंग' वदवून घ्यावा का? आणि कधी?

तिरकी_रेघ

मारहाण, लैंगिक अत्याचार, मोठा अपघात, डोळ्यांदेखत झालेला मृत्यू. यातून गेलेल्या मुलांच्या उपचारात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आधी मूल स्थिर होऊ दे, मग त्या विषयाला हात घालू." ते 'मग' बऱ्याचदा उजाडतच नाही. महिनोन्महिने चित्रं रंगवणं, श्वासाचे व्यायाम आणि भावनांचे तक्ते चालू राहतात. मूल मात्र अजून दिवा लावूनच झोपतं आणि त्या रस्त्यावरून जायला तयार नसतं.

आघातकेंद्री सीबीटी (विचार आणि वागणूक बदलण्यावर भर देणारी उपचारपद्धती) ही कोहेन, मॅनारिनो आणि डेब्लिंजर यांनी बांधलेली पद्धत साधारण 12 ते 16 सत्रांची आहे. पालकांना आणि मुलाला माहिती देणं, शरीर शांत करायला शिकवणं, भावना ओळखणं, विचार तपासणं हा पहिला एक-तृतीयांश हिस्सा. मधल्या हिश्श्यात प्रसंगाचं कथन, म्हणजे मुलाने घडलेलं टप्प्याटप्प्याने सांगणं आणि लिहिणं. शेवटी पालकांबरोबर एकत्र सत्रं आणि पुढच्या सुरक्षिततेची तयारी. प्रसंगाचं नाव मात्र पहिल्या सत्रापासूनच घेतलं जातं. "ते जे झालं ते" असं मोघम बोलत राहिलं की मूल एकच गोष्ट शिकतं: हे मोठ्यांनाही सोसवत नाही.

मूल चुळबुळ करायला लागलं की घाईने खेळ काढणारे समुपदेशक नकळत टाळाटाळच पक्की करतात. "मुलाला त्रास होईल" या भीतीत मुलाचा वाटा कमी आणि आपला जास्त असतो, असं माझं मत आहे. चर्चा व्हावी.

सावकाश

असहमत. तुम्ही दिलेले तीन सारखे हिस्से एखाद्या सुट्या प्रसंगासाठी ठीक आहेत. वर्षानुवर्षं घरातच मार खाल्लेल्या मुलासाठी त्याच पद्धतीचे जाणकार पहिला टप्पा जवळजवळ निम्म्यापर्यंत लांबवतात, आणि एकूण सत्रं 25 पर्यंत जातात. ही टाळाटाळ नाही. ज्या मुलाचा मोठ्या माणसांवरच विश्वास उरलेला नाही, ते तुमच्यासमोर कथन कशाच्या बळावर करणार?

आणि मारणारा माणूस अजून त्याच घरात असेल तर? त्या मुलाचं सावध राहणं हा आजार नाही, गरज आहे. तिथे आधी खरा धोका आणि धोक्याची नुसती आठवण यांतला फरक शिकवायचा. दार कुणी आपटलं, कुठे पळायचं, कुणाला फोन करायचा, हे पाठ करून घ्यायचं. तिथे कथनाची घाई कुणाच्या सोयीसाठी?

शिवाय कथनच सगळं बरं करतं हाही गैरसमज. डेब्लिंजर आणि सहकाऱ्यांचा 2011 चा अभ्यास पाहा: लैंगिक अत्याचार झालेली 4 ते 11 वयाची 210 मुलं, 8 किंवा 16 सत्रं, कथनासह किंवा कथनाशिवाय. वागणुकीच्या तक्रारी आणि पालकांची हाताळणी यांत जास्त फरक पडला तो 16 सत्रांच्या, *कथन नसलेल्या* गटात.

तिरकी_रेघ

> जास्त फरक पडला तो 16 सत्रांच्या, कथन नसलेल्या गटात

त्याच अभ्यासाचा उरलेला अर्धा भाग तुम्ही सोडलात. अत्याचाराशी निगडित भीती आणि चिंता कमी करण्यात सरस ठरला तो 8 सत्रांचा, *कथन असलेला* गट. म्हणजे मूल आदळआपट करत असेल तर पालकांवर वेळ घाला, आणि मूल घाबरून आक्रसलं असेल तर कथन लांबवू नका. 'आधी स्थिर होऊ दे' हे सरसकट सगळ्यांना लावायचं सूत्र नाही, एवढंच तर म्हणतोय.

मधली_सुट्टी

दोघांचीही चर्चा दार बंद असलेल्या खोलीतली आहे. यातली कित्येक मुलं त्या खोलीपर्यंत पोचतच नाहीत. ती वर्गात दिसतात, आणि तिथे त्यांना चुकीचं लेबल लागतं.

सतत दाराकडे बघणारं, बाक सरकल्याच्या आवाजाने दचकणारं, रात्री न झोपल्यामुळे दिवसा लक्ष न लागणारं मूल 'एडीएचडी' (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा) म्हणून पुढे पाठवलं जातं. दोन प्रश्न विचारले तरी बराच उलगडा होतो. हे लहानपणापासून आहे की अमुक महिन्यापासून? आणि सगळीकडे आहे की ठरावीक आवाज, जागा, माणूस, वेळ यांच्याभोवती? दोन्ही एकाच मुलात असू शकतं हे खरं, पण प्रश्न तर विचारा.

वर्गात करता येण्यासारखं: पाठ भिंतीकडे आणि दार नजरेत राहील अशी जागा. आगीच्या सरावाची घंटा होणार असेल तर आधी कानावर घालणं. न विचारता पाच मिनिटं बाहेर जाण्यासाठी एक कार्ड, पण कुठे जायचं आणि तिथे कोण असेल हे ठरलेलं हवं. हे शेवटचं राहून जातं, मग मूल संडासात जाऊन बसतं आणि आठवड्यात कार्ड 'गैरवापर' म्हणून काढून घेतलं जातं.

आघातातून गेलेल्या मुलांसाठी शाळेत घ्यायच्या सीबीआयटीएस या सीबीटीवर आधारलेल्या कार्यक्रमात 10 गटसत्रं असतात, पण आघाताच्या तपशिलाचं काम त्याबाहेरच्या 1 ते 3 वैयक्तिक सत्रांत होतं. एकाचा तपशील बाकीच्यांनी झेलायचा नसतो. "सगळ्यांनी गोल बसून मन मोकळं करा" असले तास घेणाऱ्यांनी हे वाचावं.

अर्धविराम

+१. त्यात थोडी भर.

घटनेनंतर दोन-चार दिवसांत सगळ्यांना एकत्र बसवून एकाच बैठकीत सविस्तर बोलायला लावणं, म्हणजे 'डीब्रीफिंग', याची शिफारस केली जात नाही. तिरकी_रेघ ज्या कथनाबद्दल बोलतायत ते हे नव्हे, पण लोक दोन्हीची सरमिसळ करतात. पहिल्या महिन्यात दचकणं, वाईट स्वप्नं, आईला चिकटणं, अंथरूण ओलं करण्याची सुटलेली सवय परत सुरू होणं हे पुष्कळ मुलांत होतं आणि बऱ्याच जणांत आपोआप ओसरतं. पीटीएसडीच्या (आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक आजाराच्या) निदानासाठीच लक्षणं महिन्याहून जास्त टिकलेली असावी लागतात. तोवर झोप, जेवण, शाळेची वेळ आणि ओळखीचं माणूस सांभाळा. मूल आपणहून बोललं तर ऐका, खोदू नका. स्वतःला इजा करत असेल किंवा खाणंपिणं सोडलं असेल तर मात्र महिन्याची वाट बघायची नाही.

गोळ्यांबद्दल: ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या 2018 च्या मार्गदर्शनानुसार 18 वर्षांखालच्या मुलांना पीटीएसडीसाठी औषधं देऊ नयेत. घटनेनंतर शांत झोपावं म्हणून बेन्झोडायझेपिन गटातली गुंगीची औषधं देण्याविरुद्ध जागतिक आरोग्य संघटनेनेही 2013 मध्ये सांगितलं आहे. सोबत नैराश्य वगैरे असेल तर तो निर्णय बालमानसोपचारतज्ज्ञाचा.

सावकाश

@तिरकी_रेघ, ठीक, लक्षण बघून ठरवा हे मान्य. पण कथन करून घेणाऱ्यांची तयारी किती? दोन दिवसांची कार्यशाळा करून लोक सुरू करतात. चाळीस मिनिटांच्या सत्रात पस्तिसाव्या मिनिटाला सगळ्यात वाईट भागाशी पोचतात आणि वेळ संपली म्हणून मुलाला घरी पाठवतात. त्या रात्री घरात काय होतं ते पालकांना विचारा. पुढच्या वेळी मूल येत नाही, आणि फाईलवर 'पालक असहकार्य करतात' अशी नोंद होते.

तिरकी_रेघ

हा आक्षेप रास्त आहे, पण तो कथनावर नाही, कच्च्या कामावर आहे. नीट करायचं तर असं:

आधी मुलाबरोबर कथनाच्या, पुस्तकात असतात तशा, प्रकरणांची यादी करायची. पहिलं प्रकरण मुलाचं स्वतःचं: आवडीनिवडी, मित्र. मग त्या दिवसाची सकाळ. मग कमी त्रासाचा भाग आणि सगळ्यात अवघड भाग शेवटाकडे. सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी भीती 0 ते 10 मध्ये मोजायची. आकडा 8 वर असताना सत्र संपवायचं नाही; शेवटची 15 मिनिटं उतरण्यासाठी राखून ठेवायची. पुढच्या वेळी आधीचं लिहिलेलं वाचूनच पुढे जायचं, म्हणजे आकडा वाचनागणिक कसा खाली येतो ते मुलालाही दिसतं. घटनाक्रम पुरा झाल्यावरच "तेव्हा मनात काय आलं?" विचारायचं. "मी ओरडले असते तर झालं नसतं" अशी वाक्यं तिथेच हाती लागतात, आणि खरं काम त्यांच्यावरच असतं. मधेच "नाही गं, तुझी काही चूक नाही" म्हणून धीर दिलात तर मूल ते वाक्य पुन्हा तोंडातून काढणार नाही.

आणि आई किंवा बाबा ते कथन पहिल्यांदा मुलासमोर ऐकणार नाहीत. आधी त्यांना एकट्याने, अनेकदा. अर्थात मुलाची तयारी असेल तरच. एकत्र सत्रात पालक कोसळले की मूल त्यांना सावरायला लागतं आणि स्वतःचं बोलणं मिटवून टाकतं.

मधली_सुट्टी

एक राहिलं. केस कोर्टात असेल तर अधिकृत जबाब वेगळा आणि उपचारातलं कथन वेगळं. समुपदेशकाने 'पुरावा' काढायला जायचं नाही, सुचवणारे प्रश्न विचारायचे नाहीत. जबाब होण्याआधी सुरू करायचं असेल तर वकिलांशी बोलून घ्या.

सावकाश

तुमच्या सगळ्या पायऱ्यांत 'आई किंवा बाबा' गृहीत आहेत. बालगृहातल्या मुलाचं काय? तिथे काळजीवाहक पाळीने बदलतात, आज असलेली ताई पुढच्या महिन्यात नसते. कथन पुरं करायचं आणि ते ऐकणारं माणूसच निघून जायचं, ही त्या मुलासाठी आणखी एक ताटातूट. तिथे मी आधी एकच गोष्ट मागेन: उपचार संपेपर्यंत न बदलणारा एक माणूस, आठवड्यातून एका ठरलेल्या वेळी. ते मिळेपर्यंत कथन थांबवेन.

तिरकी_रेघ

आणि तो माणूस वर्षभर मिळाला नाही तर? मूल तेवढे दिवस त्या आठवणींसकट झोपणार? पालकांविना, फक्त मुलाबरोबरही ही पद्धत चालवता येते. परिणाम थोडा उणा मिळेल कदाचित, पण मी सुरू करेन. इथे आपलं जमणार नाही.