मदत हवी आहे: बिघाडाच्या नोंदी अपुऱ्या असताना प्रतिबंधात्मक देखभालीची मुदत कशी ठरवावी?

नमस्कार.

अखंड चालणाऱ्या एका प्रक्रिया प्रकल्पातील पंपसंचाच्या देखभालीचे वेळापत्रक नव्याने आखण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यातील एका मुद्द्यावर निर्णय होत नसल्याने जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

संचात दोन पंप आहेत, एक चालू आणि एक राखीव. वाहिनीतील दाब घसरला की प्रेशर स्विच राखीव पंप आपोआप सुरू करतो. सध्याच्या पद्धतीनुसार दर ४००० चालू तासांनी पंप उघडला जातो आणि मेकॅनिकल सील (फिरत्या शाफ्टभोवतून द्रव गळू न देणारा भाग) व बेअरिंग, स्थिती कशीही असली तरी, बदलली जातात. काढलेले सील मी स्वतः तपासतो. बहुतेकांच्या कार्बन रिंगवरचा घासलेला पट्टा सगळीकडे सारख्या रुंदीचा आणि गुळगुळीत असतो, कडा तुटलेल्या नसतात, ओ-रिंगही लवचिक असते, आणि तरीही ते भंगारात जातात. उलट सीलचे जे मोजके बिघाड प्रत्यक्ष झाले, त्यांतले काही ओव्हरहॉलनंतर, म्हणजे पंप उघडून भाग बदलल्यानंतर, थोड्याच तासांत झाले आहेत.

नुसत्या बिघडलेल्या सीलच्या वयांची सरासरी घेतली तर आयुष्य खरे आहे त्यापेक्षा कमी दिसते, म्हणून चांगल्या स्थितीत काढलेले सीलही ‘निदान इतके तास टिकले’ अशा अपूर्ण नोंदी म्हणून धरून मी वायबुल वितरण, म्हणजे कोणत्या वयात किती नग बिघडतात हे दाखवणारे संख्याशास्त्रीय सूत्र, बसवले. ईटा, म्हणजे ज्या वयापर्यंत सुमारे ६३ टक्के नग बिघडतात ते वय, साधारण ८००० तास येते. अडचण आहे ती बीटाची, म्हणजे वय वाढते तशी बिघाडाची शक्यता घटते (१ पेक्षा कमी), तीच राहते (१) की वाढते (१ पेक्षा जास्त) हे सांगणाऱ्या आकड्याची. बिघाड इतके थोडे आहेत की बीटा १ ते ३ यांमध्ये कुठेही असू शकतो, आणि सगळा निर्णय तर त्याच्यावरच अवलंबून आहे.

अचानक झालेल्या बिघाडाचा खर्च नियोजित बदलाच्या पाचपट धरून मी प्रति तास खर्च काढून पाहिला. बीटा ३ असेल तर ४००० तास ही मुदत जवळजवळ सर्वोत्तम ठरते आणि बिघडेपर्यंत चालवण्याच्या तुलनेत खर्च सुमारे ४६ टक्क्यांनी घटतो. बीटा १.५ असेल तर त्याच मुदतीत बचत जेमतेम ९ टक्के होते, आणि मुदत ५४०० तासांच्या आसपास नेली तरी ती ११ टक्क्यांपलीकडे जात नाही. बीटा १ असेल तर मात्र ४००० तासांनी सील बदलल्याने खर्च उलट ३१ टक्क्यांनी वाढतो, कारण नवा सील जुन्यापेक्षा कमी बिघडणारा नसतो. एवढ्या अनिश्चिततेत मुदत कोणत्या आधारावर ठरवावी? शिवाय प्रेशर स्विचची चाचणी किती दिवसांनी घ्यावी, यालाही सध्या काहीच आधार नाही.

प्रतिसाद:

आपली मांडणी योग्य आहे, पण गणित आणखी पुढे नेण्याआधी नोंदी वेगळ्या कराव्या लागतील. ओव्हरहॉलनंतर लगेच गळू लागलेले सील आणि हजारो तास चालून घासलेले सील हे दोन वेगळ्या प्रकारचे बिघाड आहेत. पहिल्या प्रकारात बीटा १ पेक्षा कमी असतो आणि कारण बहुधा जोडणीत सापडते: शाफ्टचे अलाइनमेंट, सीलच्या पृष्ठभागावर राहिलेली धूळ, किंवा सील कोरडा असतानाच पंप सुरू करणे. दुसऱ्या प्रकारात बीटा १ पेक्षा बराच जास्त असतो. दोन्ही एकत्र केले की मिश्रणाचा बीटा १ च्या आसपास येऊ शकतो आणि बिघाड निव्वळ यादृच्छिक असल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो. पहिल्या प्रकारच्या बिघाडांवर मुदत कमी करणे हा उपाय तर नाहीच, उलट प्रत्येक जादा ओव्हरहॉल त्यांना नवी संधी देतो.

विमानांच्या देखभालीवरील नोलन आणि हीप यांच्या १९७८ च्या अहवालात, अभ्यासलेल्या घटकांपैकी ८९ टक्के घटकांना ठरावीक वयाला बदलण्याचा फायदा होत नाही असे आढळले होते. ते आकडे पंपांना जसेच्या तसे लावू नयेत, कारण घासणाऱ्या आणि गंजणाऱ्या भागांचे प्रमाण पंपात अधिक असते. पण वयाची मर्यादा गृहीत धरायची नाही, ती नोंदींनी सिद्ध करायची, हा त्यातला विचार इथेही लागू होतो.

म्हणून माझे मत असे, की एका पंपाची मुदत ४००० वरून ५००० तासांवर न्यावी, दुसऱ्याची तूर्त तीच ठेवावी, आणि काढलेल्या प्रत्येक कार्बन रिंगची उरलेली जाडी मोजून लिहून ठेवावी. बिघाड नसतानाही त्या मोजमापांतून झिजेचा वेग कळतो, आणि तो कळला की बीटाचे कोडे बरेचसे सुटते. दोन्ही पंपांचे ओव्हरहॉल लागोपाठ करू नयेत. त्याच हातांनी, त्याच खेपेच्या सुट्या भागांनी केलेली चूक दोन्हीकडे शिरली तर राखीव पंप फक्त कागदावर राखीव राहतो. बेअरिंग मात्र ठरावीक तासांनी बदलण्याऐवजी व्हायब्रेशन पाहून बदलावीत. दोष पहिल्यांदा दिसल्यापासून बेअरिंग निकामी होईपर्यंत जो काळ जातो, त्याच्या निम्म्यापेक्षा जास्त अंतर दोन तपासण्यांत नसावे.

स्विचचा बिघाड लपलेला असतो, गरज पडेपर्यंत तो कळत नाही. चाचणीच्या अंतराला दोन बिघाडांतील सरासरी काळाच्या दुपटीने भागले की तो अनुपलब्ध असण्याची सरासरी शक्यता साधारणपणे मिळते. तो काळ १० वर्षे आणि मान्य शक्यता २ टक्के धरल्यास अंतर ०.४ वर्ष, म्हणजे जवळपास पाच महिने निघते. चाचणी घेताना पॅनेलवरचे बटण दाबून पंप सुरू करू नये, कारण त्यात स्विच वगळलाच जातो. स्विचकडील दाब प्रत्यक्ष उतरवूनच पंप सुरू होतो का ते पाहावे.

प्रश्नकर्ता:

मनःपूर्वक आभार. जोडणीचे बिघाड वेगळे काढून विश्लेषण पुन्हा करतो, आणि जाडीची नोंद पुढच्या ओव्हरहॉलपासूनच सुरू करतो. एक शंका उरते. सील नवा बसला तरी शाफ्ट आणि केसिंग जुनेच राहतात. मग प्रत्येक नवा सील आधीच्या सीलइतकाच टिकेल, हे गृहीतक कसे तपासावे?

प्रतिसाद:

वायबुल बसवण्याआधीच ते तपासून घ्यावे. आडव्या अक्षावर पंपाचे एकूण चालू तास आणि उभ्या अक्षावर सीलच्या बिघाडांची एकत्रित संख्या मांडा, आणि ज्या तासांना चांगला सील काढला तेथेही खूण करा. बिंदू साधारण सरळ रेषेत असतील तर आपले गृहीतक चालण्याजोगे आहे. रेषा वर वळत असेल, म्हणजे बिघाड दिवसेंदिवस जवळजवळ येत असतील, तर नवा सील झिजलेल्या शाफ्टवर बसतो आहे असे समजून आधी शाफ्टचा रनआउट, म्हणजे फिरताना तो मध्यापासून किती हलतो ते, डायल गेजने मोजा. तोपर्यंत सीलची मुदत बदलू नका.