सायकलने कोकण किनारा + आंबोली: कॅसेट बदलू का? तातडीने मदत हवी

सेमिनरी_चढ: मंडळी, लवकर सांगा, पुढच्या शुक्रवारी निघतोय. नागपूरहून ट्रेनने मुंबई, भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडवा. मग किनाऱ्याकिनाऱ्याने वेंगुर्ला, शेवटी आंबोली चढून कोल्हापूर. किनारा सपाटच आहे, त्याचं टेन्शन नाही. आंबोली डोक्यात बसलीये. आपल्याकडे चढ म्हणजे सेमिनरी हिल्स, सुरू होतो न होतो तोच संपतो. दुकानदार म्हणतो कॅसेट, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चकत्या, बदला, पण तो घंटीसुद्धा बदला म्हणतो.

फुटाळा_पहाटे: सायकल कोणती? आता कॅसेट किती दातांची? पुढे काय आहे? सामान किती? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार भाऊ?

सेमिनरी_चढ: रोडबाइक. सामान नेहमीचंच. हो की नाही एवढं सांगा ना.

फुटाळा_पहाटे: नेहमीचं म्हणजे तुझं की माझं? मागची सगळ्यात मोठी चकती बघ, दात मोज.

खाडीपलीकडे: किनारा सपाट कोणी सांगितला? मी गुहागरचा. इथला रस्ता खाडीला उतरतो, पलीकडे सड्यावर (वरच्या कातळी पठारावर) चढतो, गाव गेलं की पुन्हा खाली. दिवसभर हेच. बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड इथे फेरीबोट आहे, सायकल नेतात. पण धक्का सोडला की लगेच चढ, पाय गार पडलेले असतात. गणपतीपुळ्यापुढे आरे-वारेचा रस्ता फोटोत सुंदर दिसतो, सामान घेऊन चढून बघा. आंबोली साधारण ७०० मीटरवर आहे, पण तो घाट ट्रक-एसटी चढतील असा बांधलाय. दाणोलीपासून एका लयीत चढत राहायचं. दम काढतात ते हे छोटे खडे चढच.

ब्रेव्हेवाला: गिअर-बिअर काही नसतं, पाय पाहिजेत. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) एकट्याने पूर्ण केली. नागपुरात कोणता घाट आहे सांगा?

फुटाळा_पहाटे: रॅममध्ये मागे क्रूची गाडी असते साहेब. हा पॅनिअर (सामानाच्या बाजूच्या पिशव्या) लावून चाललाय.

ब्रेव्हेवाला: मग सामान कमी करा. कॅसेटवर पैसे कायले घालता? परतवाड्याहून चिखलदरा चढून या, सराव होईल.

खाडीपलीकडे: शुक्रवारी निघतोय तो. आता चिखलदरा चढला तर मांडव्याला लंगडत उतरेल.

तर्रीपोहे: पार्सल ऑफिसात लवकर जा. पेडल काढ, हँडलला पुठ्ठा गुंडाळ, मागच्या डिरेल्युअरवर (गिअर बदलणाऱ्या भागावर) कोणी पेटी ठेवणार नाही असं बघ. परतीला कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट नागपूर. आणि तिकडे तर्री शोधत बसू नको, मिळत नाही. मालवणात बांगडा खा.

सेमिनरी_चढ: परतीचं तिकीट आहे भाऊ. कॅसेटचं बोला.

विदर्भकन्या: एक सांगते, विचारलं नसलं तरी. आपण ४५ अंश सोसतो म्हणून कोकणातल्या ३२ला हसू नका. इथे हवा कोरडी, घाम उडून जातो, अंग थंड पडतं. तिथे दमटपणामुळे घाम तसाच ओघळतो, शरीराला थंडावा मिळत नाही. नुसतं पाणी ढोसू नका, ओआरएसची पाकिटं ठेवा. दुपारी सड्यावर सावली नसते, तेव्हा पहाटे निघा.

ब्रेव्हेवाला: लिंबू-मीठ-साखर पुरे. पाकिटं कशाला?

विदर्भकन्या: प्रमाण चुकतं म्हणून.

सेमिनरी_चढ: मोजले. मागे ११-२८, पुढे ५०-३४. सामान काट्यावर ठेवलं, तंबूसकट १४ किलो भरलं.

फुटाळा_पहाटे: हे आधी सांगायचं ना! १४ किलो अन् २८? बदल. ११-३४ टाक, म्हणजे सगळ्यात हलका गिअर एकास एक होईल, पुढे ३४ मागे ३४. चेनही लांब लागेल, जुनीच लावू नको. अन् तंबू घरी ठेव, किनाऱ्यावर गावोगाव घरगुती राहायची सोय आहे.

खाडीपलीकडे: ब्रेक पॅडही नवे टाका. चढाइतकेच उतार आहेत, आणि तळाशी वळणावर वाळू असते.

सेमिनरी_चढ: ११-३४ घेतली, दुकानातच आहे. तो बसवून राहिला.

फुटाळा_पहाटे: थांबव त्याला! आरडीचं केज (चेन ताणून धरणारा दांडा) शॉर्ट आहे की लाँग? शॉर्ट असेल तर बहुतेक ३४ घेणार नाही.

सेमिनरी_चढ: आरडी म्हणजे?

तर्रीपोहे: ज्यावर पेटी ठेवू देऊ नको म्हटलं होतं, ते.