विषय: मालवणची एका दिवसाची स्कूबा सहल – तारीख, हवा, कान आणि परतीचं विमान

प्रेषक: मीनल, सहल समिती

नमस्कार मंडळी,
डिसेंबरच्या सुट्टीत मुंबईत येणाऱ्या सभासदांसाठी बेत असा आहे. शुक्रवारी रात्री सीएसएमटीहून कोकणकन्या, शनिवारी सकाळी कुडाळ, तिथून गाडीने मालवण. दुपारपर्यंत समुद्रात, संध्याकाळी गोव्याच्या मोपा विमानतळाहून मुंबई. तिघांचं परतीचं आंतरराष्ट्रीय विमान त्याच रात्री मुंबईच्या सहार विमानतळाहून आहे. दोघांना पोहता येत नाही. कुठला शनिवार धरू आणि पैसे भरण्याआधी डायव्हवाल्याला काय विचारू? सतीशकाका, तुम्ही सांगा.

– मीनल

---

प्रेषक: सतीश, माहीम

मीनल,

आधी परतीचं विमान बदल, बाकी सगळं नंतर. दाबाखाली श्वास घेतला की नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळतो आणि वर आल्यावर हळूहळू बाहेर पडतो. विमानाच्या केबिनमधला दाब 2000 ते 2400 मीटर उंचीच्या डोंगरावर असतो साधारण तेवढा. तो नायट्रोजन पुरता निघण्याआधी दाब उतरला तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एकच साधा डायव्ह झाला असेल तर विमानाआधी किमान 12 तास आणि दोन किंवा जास्त असतील तर 18 तास जमिनीवर काढायचे, हा सर्वमान्य नियम आहे. डायव्ह उथळ आहे, काही होत नाही, असं किनाऱ्यावर कुणी म्हणालं तरी ऐकू नका. दुपारी एकला पाण्याबाहेर आलात तर संध्याकाळचं मोपाचं विमान बसत नाही, आणि त्या तिघांचं रात्रीचं तर नाहीच. परत येताना कोकणकन्याच घ्या. रविवारी पहाटे मुंबईत, रविवारी रात्री सहार, असं आखलंत तर दोन डायव्ह करूनही चिंता नाही.

गाडीने परतायचं असेल तर घाट चढून कोल्हापूरमार्गे येऊ नका. आंबोली सुमारे 700 मीटरवर आहे आणि 600 मीटरच्या वर हाच नियम लागू होतो. कणकवली, राजापूर, चिपळूण असं कोकणातूनच या.

तारीख तिथी बघून ठरव. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस उधाण असतं. पाणी जोरात ये-जा करतं, तळाचा गाळ उठतो आणि ओहोटीबरोबर कर्ली नदीच्या खाडीतलं गढूळ पाणी बाहेर पडतं. अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे लहान भरती, तेव्हा पाणी शांत. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची ढोबळ वेळ मिळते: सप्तमीला सव्वापाच, म्हणजे ओहोटी अकराच्या सुमारास. मालवणात हे थोडं आधी होतं. म्हणून षष्ठी, सप्तमी किंवा अष्टमीचा शनिवार मिळाला तर अकरा ते एक या वेळेत पाणी चढतं असतं, बाहेरचं स्वच्छ पाणी आत येत असतं आणि दुपारचा वारा अजून वाढलेला नसतो. नेमकी वेळ भरतीच्या छापील तक्त्यातून पक्की कर. एवढं जुळलं तरी पाच-सात मीटरपलीकडचं दिसेल अशी आशा ठेवू नका. अंदमान-लक्षद्वीपचे फोटो दाखवून लोकांना आणलंस तर ते नाराज होतील, आणि मालवणच्या पाण्यावर तो अन्याय होईल.

आता डायव्हवाल्याला काय विचारायचं. सिलिंडर पाठीवर असतो की होडीवर ठेवून लांब नळीने हवा देतात? पाठीवरचाच घ्या, आणि दोन तोंडाचा रेग्युलेटर (तोंडात धरून सिलिंडरची हवा घ्यायचं साधन) हवा, म्हणजे एक बिघडला तर दुसरा लगेच हाताशी. एका प्रशिक्षकामागे किती माणसं? पहिल्यांदा उतरणाऱ्याला एकास एक, याच्याखाली तडजोड नको. आधी कमरेइतक्या पाण्यात सराव देतात का? होडीवर ऑक्सिजनची बाटली आहे का? पहिल्या डायव्हला 12 मीटरची मर्यादा असते. मालवणला पाच ते आठ मीटरवरच पाहण्यासारखं बरंच आहे, खोलीचा हट्ट धरण्यात काही मिळत नाही.

होडीवर प्रत्येकाने स्वतः करायची एक तपासणी: रेग्युलेटर तोंडात धरून प्रेशर गेजकडे बघत तीन-चार लांब श्वास घ्या. काटा प्रत्येक श्वासाला खाली झुकत असेल तर सिलिंडरची तोटी पूर्ण उघडलेली नाही. वरती हवा पुरते, खाली कमी पडते. हवेला तेलाचा किंवा धुराचा वास आला तर तो सिलिंडर परत करा. कॉम्प्रेसरने इंजिनाचा धूर ओढला असेल तर त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि त्याला स्वतःचा वास नसल्यामुळे धुराचा वास हीच काय ती खूण.

हवा किती पुरते याचा हिशेब सोपा आहे. 11 लिटरचा सिलिंडर 200 बार दाबाला (1 बार म्हणजे साधारण समुद्रसपाटीवरचा हवेचा दाब) भरला की 2200 लिटर हवा. 50 बार राखीव सोडले की उरले 1650. नवखा माणूस वर मिनिटाला 25 लिटर ओढतो, सहा मीटरवर दाब 1.6 पट, म्हणजे 40 लिटर. चाळीस मिनिटं झाली. म्हणून दहा मिनिटांत "हवा संपली" म्हणून कुणाला वर आणत असतील तर सिलिंडर अर्धाच भरलेला होता असं समजा. सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा प्रत्येकाने बघायचा, हे आधीच बोलून ठेव.

– सतीश

---

प्रेषक: डॉ. वर्षा, विलेपार्ले

मीनल, सतीशरावांनी कानांचं माझ्यासाठी ठेवलेलं दिसतंय.

पहिल्या दहा मीटरात दाब दुप्पट होतो, म्हणजे कानाला सगळ्यात जास्त त्रास याच उथळ थरात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, आणि ते दुखायला लागण्याआधी. पाण्यात डोकं जाताच पहिल्यांदा, मग दर अर्ध्या-एक मीटरला. दुखलं की एक मीटर वर या, तिथे पुन्हा करा. जोर लावून फुंकू नका. कान आणि घसा जोडणारी नळी दाबाने एकदा मिटली की जोराने उघडत नाही, उलट आतल्या कानाला इजा होते.

सर्दी असेल तर उतरूच नका. नाक मोकळं करणारी गोळी किंवा थेंब घेऊन उतरणारे असतात. औषधाचा अंमल खाली असताना ओसरला तर वर येताना हवा कानात अडकते, आणि वर तर यावंच लागतं.

दुसरी गोष्ट श्वासाची. श्वास कधीही रोखायचा नाही. भरल्या फुप्फुसाने श्वास धरून दोन मीटर वर आलात तरी फुप्फुस फाटू शकतं. पोहता न येणाऱ्यांना प्रशिक्षक धरून नेतो, त्यामुळे ते उतरू शकतात, पण चेहरा पाण्यात घालून शांतपणे तोंडाने श्वास घेण्याचा सराव त्यांनी मुंबईतच एखाद्या तरणतलावावर करून यावा.

दमा, फिट्स, हृदयविकार, कानाच्या पडद्याला भोक, पूर्वी फुप्फुसातून हवा गळणं, गरोदरपण, यातलं काही असेल तर वैद्यकीय फॉर्मवर "नाही" लिहून मोकळे होऊ नका. होडी लागत असेल तर गोळी आपल्या डॉक्टरांना विचारून आदल्या आठवड्यात घरी घेऊन बघा, काही गोळ्यांनी फार झोप येते.

– वर्षा

---

प्रेषक: मीनल, सहल समिती

काका, वर्षाताई, आभार. तिघांचं विमान रविवार रात्रीवर नेतेय, बाकी सगळे रेल्वेने. चष्मेवाले सातजण आहेत. आणि नक्की दिसतं काय?

– मीनल

---

प्रेषक: सतीश, माहीम

चष्मा मास्कखाली बसत नाही, काडीवाटे पाणी शिरतं. नंबरचा मास्क आहे का ते आधी विचार, नाहीतर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स. पाण्यात वस्तू एकतृतीयांशाने मोठी भासते आणि जवळही वाटते, त्यामुळे कमी नंबरवाल्यांचं चष्म्यावाचून भागतं. भरघोस मिशा असतील तर मास्क थोडा गळणारच.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर गोलसर दगडी प्रवाळ, समुद्रफुलं, काळे-पिवळे पट्टेवाले सार्जंट मेजर मासे, फुलपाखरू मासे, पोपट मासे, कपारीत हेकरू (ग्रूपर मासा), नशीब असेल तर शेवंड किंवा वाळूत दबलेलं पाकट. लाल रंग पाण्यात सगळ्यात आधी विझतो, म्हणून प्रशिक्षकाकडे टॉर्च असेल तर कपारीत मारायला सांगा, तपकिरी दिसणारा दगड लाल-केशरी निघतो. हात कशालाही लावायचा नाही. लायनफिश या विषारी माशाचा किंवा पाकटाचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, 45 अंशांच्या आत, जखम अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा, आणि दवाखाना गाठा.

मासे गोळा व्हावेत म्हणून पाव-बिस्किटं टाकू नका असं होडीवाल्यांना बुकिंग करतानाच सांग. प्रवाळाचा तुकडा, मेलेलासुद्धा, कुणी बॅगेत घालणार नाही हे बघ. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे.

ज्यांना उतरता येणार नाही त्यांना रिकामं बसवू नकोस. मुंबईत असतानाच अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीला हाजी अली किंवा जुहूच्या खडकांवर समुद्रजीव बघायला ने. मरीन लाइफ ऑफ मुंबईची मंडळी असे फेरफटके नेतात. पायात पकड असलेले बूट हवेत, आणि पाणी वळून चढू लागण्याआधी खडकांवरून परत फिरायचं.

– सतीश