युरोपातला 'जेंडर कोटा' : 'महिला आरक्षण' म्हणावं का?

टीपकागद
युरोपातल्या निवडणुकांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात 'जेंडर कोटा', 'पॅरिटी', 'झिपर लिस्ट' आणि 'ऑल-विमेन शॉर्टलिस्ट' हे चार शब्द सारखे येतात. आपल्या बातम्यांत चारींनाही सरसकट 'महिला आरक्षण' लिहिलेलं दिसतं. चालेल का?

अर्धविराम
नाही चालणार. आपल्याकडे आरक्षण म्हटलं की सोडत आली. चिठ्ठी निघते, प्रभाग महिलांसाठी राखीव होतो आणि मग तिथे कुठल्याच पक्षाच्या पुरुषाला अर्ज भरता येत नाही. पश्चिम युरोपातल्या संसदांत अशा राखीव जागा नाहीत. तिथलं बंधन तिकीटवाटपावर असतं, निकालावर नाही. म्हणून 'उमेदवारीतला कोटा' लिहा. 'कोटा' मराठीत केव्हाच रुळला आहे.

हा कोटाही दोन तऱ्हांचा असतो. फ्रान्स, बेल्जियम, स्पेन, आयर्लंड इथे तो कायद्याने आला. स्वीडनचे सोशल डेमोक्रॅट किंवा जर्मनीचे ग्रीन या पक्षांनी तो आपणहून स्वीकारला. पहिल्या उल्लेखातच कुठला ते सांगून टाका, नाहीतर वाचक स्वीडनचा नसलेला कायदा शोधत बसेल.

शाईदौत
सहमत. 'पॅरिटी'ला मी 'समसंख्या' सुचवेन. 'समानता' फार मोघम होतं, आणि फ्रेंच कायद्याला खरोखर डोकी मोजायची आहेत. तिथे १९८२ मध्ये नगरपालिकांच्या याद्यांत एकाच लिंगाचे ७५ टक्क्यांहून जास्त उमेदवार नकोत असा नियम केला होता. कायदे घटनेशी ताडून पाहणाऱ्या घटना परिषदेने तो रद्द केला. मग १९९९ मध्ये आधी घटनादुरुस्ती झाली आणि २००० मध्ये समसंख्येचा कायदा आला.

यादीपद्धतीच्या निवडणुकीत मत पक्षाच्या यादीला पडतं आणि मतांच्या प्रमाणात यादीतली वरची नावं निवडून येतात. तिथे नियम मोडणारी यादी दाखलच होत नाही. राष्ट्रीय सभेला (फ्रेंच संसदेच्या कनिष्ठ सभागृहाला) मात्र एका मतदारसंघातून एकच सदस्य जातो, तिथे यादी नसते. म्हणून हात घातला पक्षाच्या सरकारी अनुदानाला. स्त्री-पुरुष उमेदवारांतला फरक एकूण उमेदवारांच्या २ टक्क्यांवर गेला की कपात. २०१४ पासून कपातीचा दर त्या फरकाच्या दीडपट आहे. समजा पक्षाने २०० उमेदवार दिले, १२० पुरुष आणि ८० स्त्रिया. फरक ४० चा, म्हणजे २० टक्के. कपात ३० टक्के.

गोम पुढे आहे. अनुदानाचे दोन भाग असतात. पहिला मिळालेल्या मतांवर, दुसरा निवडून आलेल्या सदस्यांच्या संख्येवर. कपात फक्त पहिल्या भागाला लागते. मोठ्या पक्षाला हमखास जिंकणारा विद्यमान पुरुष खासदार बदलण्यापेक्षा कपात सोसणं परवडायचं. छोट्या पक्षाचा जीव पहिल्या भागावर, तो नियम पाळायचा. त्यामुळे लेखात 'कायद्याने ५० टक्के महिला खासदार बंधनकारक' असं वाक्य आलं तर ते खोडाच.

याच कायद्यांच्या परंपरेतली 'बिनोम' ही चीज वेगळी. २०१५ पासून फ्रान्सच्या जिल्हा परिषदांना प्रत्येक मतदारसंघातून एक स्त्री आणि एक पुरुष अशी जोडी उभी राहते आणि मतदार जोडीला मत देतो. इथे निकालच समसंख्य येतो. मराठीत सरळ 'उमेदवार-जोडी'.

अर्धविराम
'झिपर लिस्ट'ला 'एकाआड एक यादी', म्हणजे एक स्त्री, एक पुरुष अशा क्रमाने लावलेली. स्वीडिश घोषणा 'वारान्नान दामेर्नास', म्हणजे एक सोडून एक बायकांचा. ती आली नाचाच्या कार्यक्रमातून, जिथे दर दुसऱ्या नाचाला जोडीदार निवडायचा मान बायकांचा असे. सोशल डेमोक्रॅट पक्षाने १९९४ च्या निवडणुकीत याद्या अशा लावल्या आणि रिक्सदागमध्ये (स्वीडनच्या संसदेत) स्त्रिया ४० टक्क्यांवर पोचल्या.

क्रमाचा नियम नसेल तर काय होतं? कोटा भरतो, पण यादीच्या तळाशी. दहा जागांच्या मतदारसंघात पक्षाचे चार येणार असतील तर सातव्या क्रमांकावरच्या बाईंना तिकीट मिळूनही काही मिळालेलं नसतं. म्हणून स्पेनच्या २००७ च्या कायद्याने ४० ते ६० टक्क्यांचं प्रमाण दर पाच नावांच्या गटालाही लावलं, म्हणजे पाचांत दोन तरी स्त्रिया हव्यातच. २०२४ पासून तिथेही एकाआड एक.

पण एवढ्यानेही भागत नाही. छोट्या मतदारसंघांत पक्षाचा एकेकच येतो, आणि सगळ्या याद्यांचं पहिलं नाव पुरुषाचं असेल तर एकाआड एक लावूनही स्त्रिया शून्य. म्हणून 'उभी समसंख्या' (एका यादीच्या आत) आणि 'आडवी समसंख्या' (सगळ्या याद्यांच्या अग्रस्थानी) असे दोन शब्द लागतील. इटलीने २०१७ मध्ये अग्रस्थानांवर ६० टक्क्यांची मर्यादा घातली. पक्षांनी पळवाट काढली: एकाच व्यक्तीला पाच याद्यांत उभं राहता येतं, तर एकाच बाईंना अनेक याद्यांच्या शिरावर बसवायचं. त्या एकच जागा ठेवणार, बाकीच्या याद्यांत दुसऱ्या क्रमांकाचा पुरुष आत.

मधली सुट्टी
'ऑल-विमेन शॉर्टलिस्ट'चं भाषांतर हमखास चुकतं. ती मतपत्रिका नव्हे. ब्रिटनच्या मजूर पक्षाची स्थानिक शाखा ज्या नावांतून आपला उमेदवार निवडायची ती यादी फक्त स्त्रियांची. 'फक्त महिला इच्छुकांची यादी' म्हणा. तिकिटासाठीचे 'इच्छुक' आपल्याला चांगले ठाऊक आहेत. मतदारापुढे इतर पक्षांचे पुरुष असतातच.

१९९३ मध्ये सुरू, १९९६ मध्ये न्यायाधिकरणाने बेकायदा ठरवली. तोवर बऱ्याच निवडी झालेल्या होत्या, म्हणून १९९७ मध्ये सगळ्या पक्षांच्या मिळून १२० स्त्रिया निवडून आल्या. २००१ मध्ये या याद्या नव्हत्या, आकडा ११८. २००२ च्या कायद्याने पक्षांना परवानगी दिली. परवानगी, सक्ती नव्हे.

विरोधही झाला. वेल्समधल्या ब्लायनाय ग्वेंटमध्ये पक्षाचं मताधिक्य १९ हजारांच्या घरातलं. तिथे अशी यादी लादली म्हणून पक्षाचेच पीटर लॉ २००५ मध्ये अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले.

टीपकागद
फारच उपयोगी. आता पदनामं. 'महिला पंतप्रधान', 'महिला मंत्री' दर वेळी लिहायचं का?

शाईदौत
एकदाही नको. 'थॅचर म्हणाल्या' यात मराठी क्रियापदाने काम केलेलं आहे. फ्रेंचांना हे सुख नाही, तिथे उपपदावरून भांडणं होतात. २०१४ मध्ये सांद्रीन माझेतिए राष्ट्रीय सभेत अध्यक्षस्थानी असताना एका सदस्याने त्यांना पुल्लिंगी 'मादाम ल प्रेझिदाँ' म्हणायचा हट्ट धरला. त्याचा महिन्याचा पाव भत्ता कापला गेला. फ्रेंच अकादमीने स्त्रीलिंगी पदनामांना मान्यता दिली ती थेट २०१९ मध्ये.

मधली सुट्टी
अवांतर, पण लेखात स्त्रियांच्या मताधिकाराचा इतिहास असेल तर 'सफ्राजेट' सगळ्यांना लावू नका. १९०६ मध्ये 'डेली मेल'ने तो शब्द हिणवण्यासाठी काढला आणि एमेलिन पँकहर्स्ट यांच्या जहाल संघटनेने तो मिरवला. अर्ज, सभा, सनदशीर मार्ग धरणाऱ्या मिलिसेंट फॉसेट यांच्या गटाला 'मताधिकारवादी' म्हणा. लंडनच्या पार्लमेंट चौकात २०१८ मध्ये बसवलेला पुतळा फॉसेट यांचा आहे. त्या फोटोखाली 'सफ्राजेट' छापू नका.