एकटेपणा मोजायचा तर ‘करमतं का?’ असं विचारा

धागाकर्ती, पूर्व भाग
सोलापूरच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, आम्ही चौघीजणी साठीपुढच्या बायकांशी बोलत फिरतोय. हातात एकटेपणा मोजायची 2004 सालची तीन प्रश्नांची यूसीएलए मोजपट्टी: सोबतीची उणीव वाटते का, वगळल्यासारखं वाटतं का, तुटल्यासारखं वाटतं का. गुण 3 ते 9, जास्त गुण म्हणजे जास्त एकटेपणा. पहिल्या आठवड्यात जवळजवळ सगळ्यांचे 3! सून आतून ऐकत असताना कोण खरं बोलेल? मग एका आजींना बाहेर पायरीवर बसवून नुसतं विचारलं, “करमतं का?” त्या म्हणाल्या, “विड्या वळत होते तोवर करमायचं. माल द्यायला गेलं की चार जणी भेटायच्या. आता डोळे गेले, कोण भेटतंय?”
मोजायला हवंच. पण आपल्या बोलीत आणि आडोशाला.

निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर
ताई, तळमळ पटली, मोजणी नाही. ‘करमत नाही’ म्हणजे वेळ जात नाही, एकाकीपण वेगळं. शब्द बदललात की मोजपट्टीच बदलली, मग तुलना कशाशी करणार? आणि 8 गुण आले तर त्या आजींना देणार काय? पत्नी गेल्यावर मला कुणी मोजलं नाही. सिद्धेश्वर तळ्याकाठी रोज भेटणाऱ्या पाच जणांनी सावरलं. समाजमंदिरात दुपारची बैठक सुरू करा.

धागाकर्ती
सर, तुम्ही तळ्यापर्यंत चालत जाऊ शकलात. जिला उंबरा ओलांडवत नाही ती बैठकीला येणार नाही, आणि ती आली नाही हे कुणाच्या लक्षातही येणार नाही.

यंत्रमाग कामगाराचा मुलगा, सध्या पुण्यात
भावना विचारूच नका, गाठीभेटी मोजा. लुबेनच्या छोट्या मोजपट्टीत सहा प्रश्न आहेत: महिन्यातून किती नातेवाइकांशी भेट-बोलणं होतं, मनातलं किती जणांशी बोलता येतं, अडीनडीला कुणाला हाक मारता येते, मग हेच मित्रमैत्रिणींबद्दल. 30 पैकी 12 च्या खाली म्हणजे धोका. मी आईला रोज फोन करतो, म्हणून निश्चिंत होतो. तिला हे प्रश्न विचारले तर मैत्रिणींचे तिन्ही आकडे शून्य. साखर पेठेतलं भाड्याचं घर सुटलं तशा त्याही सुटल्या. आणि हो, तेलुगूत विचारा. मराठीत आई “बरं आहे” एवढंच म्हणते.

निवृत्त शिक्षक
मैत्रिणींचं शून्य वाचून गलबललो. तरी माझा मुद्दा कायम: 12 च्या खालच्यांकडे पुन्हा कोण जाणार, ते आधी ठरवा. नाव लिहून घ्यायचं आणि परत फिरकायचं नाही, हे न विचारण्यापेक्षा वाईट.

धागाकर्ती
हे मान्य. गुरुवारी त्या आजींकडे पुन्हा जातेय, वही न घेता. सर, तुमच्या पाच जणांपैकी कुणी सोबत येईल का? रिक्षाचं मी बघते.