‘सिंगर-साँगरायटर’ला मराठीत काय म्हणावं?

कर्वेनगर:
आमच्या श्रवणमंडळात येत्या रविवारी जेरेमी डचर ऐकवायचा आहे. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमधल्या टोबिक फर्स्ट नेशन या आदिवासी समुदायाचा हा गायक वोलास्तोक्वे भाषेत गातो. ती अस्खलित बोलणारे जेमतेम शंभराच्या घरात उरलेत. ऑपेराच्या तालमीतला गळा, सोबत स्वतःचा पियानो. त्याच्या समाजाची गाणी १९०७ च्या सुमारास मेणाच्या नळकांड्यांवर टिपून ठेवली होती. ती संग्रहालयात ऐकून त्याने २०१८ चा पहिला अल्बम केला; त्यात ते जुने आवाजही मधूनमधून येतात. त्यासाठी त्याला पोलॅरिस हा कॅनडातला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा पुरस्कार मिळाला, २०२४ मध्ये दुसऱ्या अल्बमसाठी पुन्हा मिळाला. दोनदा मिळवणारा तो पहिलाच.
इंग्रजीत अशाला ‘सिंगर-साँगरायटर’ म्हणतात, म्हणजे स्वतः गाणी रचून गाणारा. पत्रकात त्याला मराठीत काय म्हणू? काहींनी ‘आदिवासी लोकगीत गायक’ सुचवलंय. ते मला खटकतं, पण का ते नीट मांडता येत नाही.

शनिवार पेठ:
ताई, ‘वाग्गेयकार’ शब्द आहे की! देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’त त्याची व्याख्या केली आहे. वाच् म्हणजे शब्द, गेय म्हणजे चाल. दोन्ही करतो तो वाग्गेयकार. दक्षिणेत त्यागराजांना आजही असंच म्हणतात.
बोलण्यातला जवळचा शब्द शाहीर. कवन करायचं, चाल लावायची, डफ घेऊन म्हणायचं, सगळं त्यात येतं. अण्णा भाऊ, अमर शेख आठवा. पण शाहीर म्हटलं की पोवाडा-लावणीच डोळ्यांपुढे येते, म्हणून पियानोवाल्याला मी तो लावणार नाही. शिवाय शाहिरीतही दोन्ही कामं एकाकडेच असतात असं नाही. ‘होनाजी बाळा’ हे एका माणसाचं नाव वाटतं, पण होनाजी रचायचा आणि बाळा गायचा.

कर्वेनगर:
वाग्गेयकार सुंदर आहे, पण पहिल्या अल्बमला चालेल का? तिथले शब्द पूर्वजांचे आहेत.

शनिवार पेठ:
बरोबर, तिथे नाही चालणार. त्या अल्बमपुरतं ‘संगीतकार-गायक’ म्हणा. २०२३ च्या अल्बममध्ये त्याने स्वतःची गाणी रचली आहेत, काही इंग्रजीतही. तिथे खुशाल वाग्गेयकार लिहा.

धडगाव, सध्या पुण्यात:
ताई, ‘लोकगीत’ का खटकतं ते मी सांगतो. लोकगीत म्हणजे रचणारा कोण ते ठाऊक नाही, पिढ्यान्‌पिढ्या तोंडोतोंडी आलेलं गाणं. जात्यावरची ओवी तशी. आमच्या नंदुरबारच्या भागात पावरी-भिली या आदिवासी भाषांत मुलं नवी गाणी रचतात, कीबोर्ड-ऑक्टोपॅड लावून रेकॉर्ड करतात, लग्नात त्यावर टिमली हा आमचा नाच नाचतात. गाणं या होळीचं असतं, रचणारा समोर उभा असतो. तरी पुण्यात स्टेजवर आला की निवेदक म्हणतो, “आता ऐकूया एक आदिवासी लोकगीत.” त्याच पोराने तेच मराठीत केलं असतं तर गीत-संगीत म्हणून त्याचं नाव आधी घेतलं असतं. भाषा ऐकूनच लोक गाण्याचं वय ठरवतात. याचा आम्हाला फार त्रास होतो.
‘बोलीभाषेतला गायक’ असंही लिहू नका. २०११ च्या जनगणनेत भिली आणि तिच्यात धरलेल्या भाषा बोलणारे एक कोटीच्या वर आहेत, तरी तिला बोलीच म्हणतात. डचरच्या भाषेला बोलणारे थोडे म्हणून ती बोली होत नाही.

कर्वेनगर:
दादा, हेच मला म्हणायचं होतं. आणखी एक विचारते. ‘आदिवासी’ लिहू की ‘मूलनिवासी’?

धडगाव, सध्या पुण्यात:
आदिवासी. महाराष्ट्रात ‘मूलनिवासी’ बहुजन चळवळीत वेगळ्या, अधिक व्यापक अर्थाने रूढ आहे, वाचणाऱ्याचा गोंधळ होईल. संविधान सभेत आदिवासी नेते जयपालसिंग मुंडांनी ‘आदिवासी’ याच शब्दाचा आग्रह धरला होता. ९ ऑगस्टलाही आम्ही जागतिक आदिवासी दिनच म्हणतो. पण ‘आदिवासी’ एवढ्यावर थांबू नका, समाजाचं नाव लिहा. आम्हाला पावरा म्हटलेलं आवडतं, तसं त्यालाही त्याच्या समाजाच्या नावाने ओळखलेलं आवडेल.

शनिवार पेठ:
आणि ‘पूर्वजांची भाषा’ नको. ती त्याच्या आईची बोलती भाषा आहे. ‘मायबोली’ लिहा.

कर्वेनगर:
मग असं छापते: “वोलास्तोक्वे समाजाचा जेरेमी डचर, आपल्या मायबोलीत आजचं संगीत रचणारा संगीतकार-गायक.” वाग्गेयकार दुसऱ्या अल्बमच्या परिच्छेदात घेते.
दादा, रविवारी पावरीतलं एखादं नवं गाणंही ऐकवूया का? रचणाऱ्याचं नाव शुक्रवारपर्यंत कळवा, पत्रक छापायला जाईल.