मदत हवी आहे: गायस-लुसियस दिनारियसचा काळ कसा ठरवावा?

रोमन सम्राट ऑगस्टसच्या लुग्दुनम (आजचे फ्रान्समधील ल्यों) टांकसाळीत पाडलेल्या गायस-लुसियस प्रकारच्या दिनारियस या चांदीच्या नाण्यावर मी टिपण लिहीत आहे. मागील बाजूस गायस आणि लुसियस हे ऑगस्टसचे दोघे दत्तकपुत्र ढाली-भाल्यांसह उभे असून वर यज्ञातील पळी आणि शकुन पाहणाऱ्या पुरोहिताची वाकडी काठी आहे. नाण्यावर कोरलेल्या लेखात त्यांना ‘ऑगस्टसचे पुत्र’ म्हटले आहे, म्हणजे वारस कोण हे नाणे उघडच सांगते. मात्र लुसियस इ.स. 2 मध्ये आणि गायस इ.स. 4 मध्ये वारला. दर्शनी बाजूवरील ‘राष्ट्रपिता’ ही इ.स.पू. 2 मध्ये मिळालेली पदवी तपासली, पण तिच्यावरून केवळ आरंभकाळ ठरतो. दक्षिण भारतातील निधींत (एकत्र पुरलेल्या नाण्यांच्या साठ्यांत) हा प्रकार विपुल सापडतो, तेथील अनुकृती मी वगळल्या आहेत. प्रत्यक्ष नाणी हाताळता येत नसून केवळ छायाचित्रे उपलब्ध असताना, पळी-काठीच्या डाव्या-उजव्या मांडणीवरून वारसांच्या मृत्यूनंतर पाडलेली नाणी वेगळी ओळखता येतात का?